पंख नसलेला गरुड

"आत्ती, पण शेवटी त्याचा पाय बरा होतोय न्हवं?"

माझ्या दहा वर्षांच्या भाचीनं हे विचारलं तेव्हा गोष्ट जेमतेम सुरू झाली होती. आषाढातला पाऊस लागून राहिला होता, पंचगंगा पात्राबाहेर आली होती आणि शाळेला सुट्टी होती. माझ्या मांडीवर एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. एकेक परिच्छेद डोळ्यांखालून घालायचा आणि मान वर करून मराठीत सांगायचा, असं चाललं होतं. मार्कस नावाचा तरुण रोमन अधिकारी ब्रिटनमधल्या एका लहानशा ठाण्याचा ताबा घ्यायला येतो. फौजेखेरीज दुसरं आयुष्य त्यानं कधी मनातही आणलेलं नाही. ठाण्यावर हल्ला होतो, धावत्या रथाला आडवा जाताना त्याच्या मांडीचा चुराडा होतो, आणि शुद्धीवर आल्यावर हळूहळू त्याला कळतं, की आता फौजेत आपल्याला जागा नाही.

"बघू की पुढं," मी म्हणाले.

पुढचं मला माहीत होतं. मार्कसचा पाय पुरता बरा होत नाही. गोष्ट संपते तेव्हाही तो लंगडतच असतो. आणि जिनं ही गोष्ट लिहिली तिचे सांधेही जन्मभर बरे झाले नाहीत.

रोझमेरी सटक्लिफ. १४ डिसेंबर १९२० चा जन्म, इंग्लंडमधल्या सरे परगण्यातला. वडील आरमारात अधिकारी, त्यामुळे बदल्यांमागून बदल्या. माल्टाचं ऊन, चॅटमच्या गोदीतला डांबराचा आणि दोरखंडांचा वास, असं तिचं बालपण. पण ते पळापळीचं बालपण नव्हतं. अगदी लहानपणी तिला 'स्टिल्स डिसीज' जडला. हा मुलांना होणारा संधिवात. सांधे सुजतात, आखडतात आणि वाढत्या वयाबरोबर वाकडे होत जातात. इस्पितळं, उपचार, पडून राहणं आणि पुढं जवळजवळ सगळं आयुष्य चाकाची खुर्ची.

नऊ वर्षांची होईपर्यंत तिला वाचता येत नव्हतं. येत नव्हतं म्हणण्यापेक्षा, गरज पडली नव्हती. आई वाचून दाखवायची. डिकन्स, थॅकरे, अँडरसनच्या परीकथा. शिवाय केल्टिक आणि सॅक्सन दंतकथा आई तोंडी सांगायची. हे मायलेकींचं नातं सोपं नव्हतं. आईच्या मनाचं हवामान क्षणात पालटायचं, मुलीला ते सोसावं लागायचं. पण आईचा आवाज ही तिची पहिली शाळा होती. त्या आवाजातूनच एके दिवशी रडयार्ड किपलिंगचं 'पक ऑफ पूक्स हिल' तिच्या कानावर पडलं. १९०६ सालचं हे पुस्तक. त्यात ब्रिटनच्या उत्तरेतल्या हेड्रियनच्या भिंतीवर पहारा देणारा एक रोमन अधिकारी इंग्लंडमधल्या दोन मुलांना भेटतो आणि आपली हकिकत सांगतो. भिंत, धुकं आणि पलीकडची अनोळखी माणसं, हे सगळं त्या पडून असलेल्या मुलीच्या मनात उतरलं ते कायमचं. पुढं १९६० मध्ये तिनं किपलिंगवर एक छोटं पुस्तकही लिहिलं. किपलिंगचा जन्म आपल्या मुंबईतला, १८६५ चा, वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत असतानाचा. जन्मापासून दोन जगांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसानं भिंतीवरच्या पहारेकऱ्याची गोष्ट लिहावी आणि ती या मुलीपर्यंत पोचावी, याचं मला फार वाटतं.

कानानं शिकलेला माणूस लिहायला लागला की वाक्यं वेगळी होतात. हे मला पुस्तक नुसतं वाचताना कळलं नव्हतं, भाचीला सांगताना कळलं. रोझमेरीचं वाक्य श्वासाच्या मापाचं आहे. लांब वाक्याला कुठं थांबायचं ते वाक्यच सांगतं. पोवाडा म्हणणारा शाहीर जसा लढाई ऐन रंगात असताना एका थेंबभर तपशिलावर थबकतो, तशी ती थबकते. सगळा हल्ला अंगावर येत असताना अचानक एखाद्या झुडपावरच्या गुलाबाची पाकळी गळताना दिसते. आणि त्या पाकळीमुळं मुलांना कळतं, की आता काहीतरी वाईट होणार आहे.

चौदाव्या वर्षी तिची शाळा सुटली. मग बिडेफर्डच्या कलाशाळेत तीन वर्षं. मोठा कॅनव्हास शरीराला झेपणारा नव्हता, म्हणून ती लघुचित्रांकडे वळली आणि त्यात एवढी पुढं गेली, की लघुचित्रकारांच्या रॉयल सोसायटीचं सदस्यत्व तिला मिळालं. वाकड्या झालेल्या बोटांत बारीक ब्रश धरून नखाएवढ्या जागेत चेहऱ्याचे भाव उतरवायचे, हे तिचं काम होतं. पण मन तेवढ्या जागेत मावणारं नव्हतं. १९५० मध्ये रॉबिन हूडच्या गोष्टी आणि राणी एलिझाबेथच्या काळातली एक गोष्ट, अशी तिची दोन पुस्तकं आली. १९५४ मध्ये आलं 'द ईगल ऑफ द नाइन्थ'. माझ्या मांडीवर होतं ते हेच.

या कादंबरीच्या मुळाशी दोन छोट्या गोष्टी आहेत. पहिली रोमच्या नवव्या लीजनची. लीजन म्हणजे सुमारे पाच हजार शिपायांची फौज. ही फौज ब्रिटनमध्ये होती. यॉर्कला सापडलेल्या इसवी सन १०८ च्या एका शिलालेखात तिचं नाव आहे आणि त्यानंतर त्या बेटावर तिचा माग लागत नाही. उत्तरेच्या धुक्यात ती सगळीच्या सगळी नाहीशी झाली, असं पुष्कळ दिवस मानलं जाई. दुसरी गोष्ट १८६६ ची. सिल्चेस्टर नावाच्या गावी शेतांखाली दबलेल्या रोमन शहराचं उत्खनन चालू असताना हातात मावेल असा एक कांस्याचा गरुड मिळाला. त्याचे पंख गळून गेले होते. आज तो रेडिंगच्या संग्रहालयात आहे.

रोमन फौजेत गरुड म्हणजे निशाण. भाचीला मी सांगितलं, आपल्याकडे जरीपटका, तसा त्यांचा गरुड. माणसं मेली तरी निशाण राहिलं तर फौज पुन्हा उभी राहू शकते, निशाण गेलं की फौजेचं नावच जातं. रोझमेरीनं ती हरवलेली फौज आणि तो पंख नसलेला पक्षी शेजारी शेजारी ठेवले आणि स्वतःला विचारलं, हा उत्तरेकडचा गरुड दक्षिणेत या शेताखाली आला कसा? कुणी आणला? त्या 'कुणी'चा मार्कस झाला. नाहीशा झालेल्या फौजेबरोबर त्याचे वडील गेले होते. लंगडणारा मार्कस डोळ्यांच्या वैद्याचं सोंग घेऊन, मलमांची पेटी बरोबर बाळगून भिंतीपलीकडे जातो. सोंगसुद्धा उगाच निवडलेलं नाही. मलमांच्या वड्यांवर छाप उठवायचे रोमन नेत्रवैद्यांचे दगडी शिक्के ब्रिटनमध्ये खरोखर सापडले आहेत.

नंतरच्या अभ्यासानं यातलं बरंच हलवलं. नवव्या फौजेचे छाप असलेल्या विटा-कौलं नेदरलँड्समधल्या नाइमेखनला सापडली, त्यामुळं ती ब्रिटनमध्येच संपली असं आता म्हणवत नाही. सिल्चेस्टरचा गरुडही फौजेचा नसून ज्युपिटर देवाच्या एखाद्या पुतळ्याचा भाग असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तसंच पांढऱ्या घोड्याचं. अफिंग्टनच्या टेकडीवर चर खणून त्यात खडू भरून काढलेली शंभराहून जास्त मीटर लांबीची घोड्याची आकृती आहे. ती कुणी आणि का काढली असेल यावर तिनं १९७७ मध्ये 'सन हॉर्स, मून हॉर्स' लिहिलं. पुढच्या चाचण्यांत ती आकृती तिच्या गोष्टीतल्या काळापेक्षा शेकडो वर्षं जुनी निघाली.

मग या गोष्टी खोट्या ठरल्या का? या प्रश्नाशी मी बरेच दिवस बसले आहे. इतिहासाच्या बाबतीत हयगय मला आवडत नाही, आणि रोझमेरीनंही ती केली नाही. तिच्या वेळी जे ठाऊक होतं ते तिनं बारकाईनं अभ्यासलं. पण सनावळी आणि पुरावे बदलले तरी तिच्या पुस्तकातलं काहीतरी अढळ राहतं. ओल्या लोकरीचा वास, थंडीनं ठणकणारं जुनं हाड, परक्याच्या घरात पहिल्यांदा भाकरी मोडतानाचा संकोच. कुठल्याही विटेवर या गोष्टींची नोंद मिळायची नाही, तरी सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी त्या होत्याच. पडून राहणाऱ्या मुलाची नजर जमिनीजवळ असते. गवताचं पातं, दाराची फट, येणाऱ्या माणसाच्या पावलांचा आवाज, हे त्याचं जग. तिनं इतिहास त्या उंचीवरून पाहिला आणि ती उंची मुलांच्या डोळ्यांची निघाली.

सांगताना माझी खरी परीक्षा घेतली ती भाषेनं. 'सेंच्युरियन'ला मी 'शंभरांवरचा नाईक' म्हणाले, मग सांगावं लागलं की प्रत्यक्षात त्याच्या हाताखाली ऐंशीच्या आसपास माणसं असायची. उत्तरेकडचं ते उघडं, वाऱ्यानं झोडपलेलं माळरान कसं दाखवायचं? शेवटी म्हणाले, "मसाईचं पठार आठवतंय? तसला सडा, पण दिवसच्या दिवस संपत नाही असा." तिथं दलदलीतली काळी माती कापून, वाळवून चुलीत घालतात, हे ऐकल्यावर ती लगेच म्हणाली, "शेणी लावल्यागत?" बरोबर तसंच. तिनं नकाशाच्या पुस्तकावर दोरा ठेवून मोजलं. सिल्चेस्टरपासून नुसत्या भिंतीपर्यंतच कोल्हापूर-मुंबईहून जास्त भरलं. ती बराच वेळ त्या दोऱ्याकडे बघत राहिली.

सगळ्यात अवघड प्रश्न आला एस्काच्या वेळी. एस्का हा जिंकलेल्या टोळीतला तरुण, गुलाम झालेला, आखाड्यात लढायला उभा केलेला. मार्कस त्याला विकत घेतो. "विकत आणलेला माणूस दोस्त कसा होईल?" भाचीनं विचारलं. लेखिकेलाही हा प्रश्न पडला होता, म्हणून भिंतीकडे निघण्याआधी ती मार्कसकडून एस्काला मुक्त करवते. आणि त्याहूनही आधी एक प्रसंग येतो, जो मला सगळ्या पुस्तकात मोलाचा वाटतो. एस्का दोन नक्ष्या शेजारी शेजारी दाखवतो. एक रोमन खंजिराच्या म्यानावरची, मोजूनमापून आखलेली, बंदिस्त. दुसरी आपल्या लोकांच्या ढालीवरची, वळणातून वळण निघत पाण्यासारखी वाहणारी. पहिली नक्षी ज्यांना कळते त्यांना दुसरी कशी कळावी, असा त्याच्या बोलण्याचा रोख. एक गुलाम आपल्या मालकाला राज्यकर्त्यांचं आंधळेपण दाखवून देतो, तेही कलेच्या भाषेत. लघुचित्रकाराची नजर असल्याशिवाय हे सुचायचं नाही.

तरी एक सल राहतो, तो सांगितला पाहिजे. ज्यांच्यावर राज्य झालं त्या लोकांतली मी वाचक आहे. गोष्ट मार्कसच्या खांद्यावरून सांगितली जाते. मार्कस राज्यकर्त्यांचा. भिंतीपलीकडच्या टोळ्यांवर कधी कधी उजेड कमी पडतो. त्यांचं दुःख आपल्याला एस्काच्या तोंडून कळतं, त्यांच्या स्वतःच्या घरातून फार थोडं. पण १९५४ मध्ये, ब्रिटिश साम्राज्य मावळत असताना, आरमारी अधिकाऱ्याच्या मुलीनं इंग्रज मुलांना सांगितलं, की एके काळी तुमचं बेट कुणाची तरी वसाहत होती, तुमच्याही पूर्वजांना कुणीतरी रानटी म्हणत होतं. ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या मुलांना पूर्वजांचं हरणं सांगायला जिगर लागते.

आणि हरल्यावर काय, हाच तिचा कायमचा प्रश्न होता. १९५८ च्या 'वॉरियर स्कार्लेट'मध्ये कांस्ययुगातला ड्रेम आहे. त्याचा उजवा हात जन्मापासून लुळा. टोळीच्या रिवाजाप्रमाणे एकट्यानं लांडगा मारला तरच योद्ध्याचं लाल वस्त्र मिळणार. त्याची पहिली वेळ चुकते, टोळी त्याला बाजूला करते आणि तो मेंढपाळांत जाऊन राहतो. पुढच्या वर्षाची 'द लँटर्न बेअरर्स' तर शेवटचं रोमन सैन्य ब्रिटन सोडून जातं तिथून सुरू होते. अक्विला नावाचा तरुण जहाजावर चढत नाही, मागं राहतो. किनाऱ्यावरच्या मोठ्या दीपस्तंभात त्या रात्री तो शेवटचा जाळ पेटवतो. पुढं त्याचं घर लुटलं जातं, त्याला गुलाम करून समुद्रापलीकडे नेतात. हरवलेली बहीण भेटते तेव्हा ती शत्रूच्या घरात एका मुलाची आई झालेली असते आणि त्याच्याबरोबर पळून यायला तयार नसते. त्याच्या मनाचा कडवटपणा पुरतं पुस्तक व्यापून राहतो. त्याला शेवटी मऊ करणारी गोष्ट विजय नसते. त्या बहिणीचा, शत्रूच्या रक्ताचा मुलगा जखमी अवस्थेत त्याच्यासमोर येतो आणि तो त्याला वाचवतो. एवढंच. या पुस्तकाला कार्नेगी पदक मिळालं. मुलांच्या पुस्तकात इतकी कडू माया मी क्वचित वाचली आहे.

तिच्या अनेक कादंबऱ्यांमधून एक अंगठी फिरते. डॉल्फिन मासा कोरलेला, मध्ये डाग असलेला पाचूचा खडा. मार्कसला ती उत्तरेत सापडते, ती त्याच्या वडिलांची असते. मग पिढ्यान्‌पिढ्या ती बोटं बदलत जाते. रोम जातं, सॅक्सन येतात, घराण्याला आपलं मूळ आठवेनासं होतं, पण अंगठी कुणाच्या तरी बोटात असतेच. आपल्या घरांत आजीच्या पाटल्या मोडून आईच्या बांगड्या होतात आणि त्या पुन्हा नातीकडे येतात, तसं. खड्यातला डाग तिनं पुसला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. लढाई संपल्यावर, निशाणं पडल्यावर जे उरतं आणि जो लंगडत का होईना ते उचलून पुढं नेतो, त्याचा इतिहास तिनं लिहिला.

मार्कसच्या पायावर पुन्हा शस्त्रक्रिया होते, आत राहिलेल्या कपच्या निघतात, वेदना कमी होते, पाय मात्र पहिल्यासारखा होत नाही. ड्रेमचा हात लुळाच राहतो. तिनं जादूनं कुणाला बरं केलं नाही, कारण तसं केलं असतं तर बरे न होणाऱ्या मुलांना गोष्टीच्या बाहेर उभं राहावं लागलं असतं. आणि तिनं कुणाची कीवही केली नाही. तिच्या जखमी नायकांना प्रश्न एकच असतो. आता माझी जागा कोणती? सगळी कादंबरी त्या जागेच्या शोधात चालते. तिची स्वतःची जागा कागदावर सापडली. १९८३ मध्ये आलेल्या आत्मकथनात तिनं बालपण लिहिलं, एका तरुणावरचं तडीस न गेलेलं प्रेम लिहिलं आणि लेखिका होण्याच्या उंबरठ्यावर आल्यावर ते थांबवलं. पुढचं आयुष्य पुस्तकांत आहे, असंच जणू तिला सांगायचं असावं. पुढं ससेक्समधल्या वॉल्बर्टन या गावी राहून ती लिहीत राहिली. २३ जुलै १९९२ रोजी ती गेली. त्या दिवशी सकाळीसुद्धा ती लिहीत होती.

पाऊस ओसरला, शाळा सुरू झाली, तरी रोज रात्री आमचं वाचन चालू राहिलं. शेवट आला. गरुड परत आणला जातो, पण फौज पुन्हा उभी राहत नाही. जिला कलंक लागला ती कायमची मोडलेली. गरुड मार्कसच्या काकाच्या घरात जमिनीखाली पुरतात. मार्कस आणि एस्का दक्षिणेतल्या टेकड्यांवर शेती करायचं ठरवतात. मी पुस्तक मिटलं. पायाचा प्रश्न पुन्हा येईल म्हणून मी थांबले होते. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शेतात उभं राहून काम करायचं म्हणजे दुखणार की त्याचा पाय." बरा होतो का, हे तिनं पुन्हा विचारलं नाही. आता तिला त्याच्या उद्याची काळजी लागली होती.

त्या रविवारी मी तिला कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये नेलं. आमच्या पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४० च्या दशकात तिथं सातवाहनांच्या काळातल्या वस्तीत कांस्याच्या वस्तू सापडल्या. १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी तिथं रीतसर उत्खनन केलं. त्या वस्तूंमध्ये एक लहानशी मूर्ती आहे, ग्रीकांचा सागरदेव पोसायडन. समुद्रापलीकडच्या रोमन जगातून व्यापाराच्या वाटेनं ती इथवर आली असावी. मी लहानपणापासून ती पाहत आले आहे. शाळेच्या सहलीत पाटी वाचायची, वहीत नाव उतरवायचं आणि पुढच्या कपाटाकडे सरकायचं.

भाची काचेला नाक लावून उभी राहिली. पाटी तिनं वाचलीच नाही. समुद्राचा देव, समुद्र इतका लांब, मध्ये सगळा घाट. ती त्या मूर्तीच्या पायांकडे बघत होती.

"आत्ती," ती हळूच म्हणाली, "ह्याला घाट चढून वर कुणी आणला आसंल? त्याला घरी परत जायला मिळालं का?"

मी उत्तर दिलं नाही. दप्तरातून तिची वही काढली आणि तिच्या हातात ठेवली.